‘वाडी आपलीच आहे’

‘‘माझ्या अशिलाने विहिरीवरचा हक्क कधीही, कुठेही सोडलेला नाही,’’ असं मी ठणकावून म्हटलं आणि चहाचा घोट घेतला. तो गळ्याखाली उतरायच्या आत समोरच्या वकिलांनी माझ्यापुढे एक पोस्टकार्ड सरकवलं.

अशील म्हणजे दिवेआगरच्या गंगाबाई. नवरा वारलेला, पोटाला सुपारीची वाडी, आणि वाडीला पाणी सामाईक विहिरीचं. मुंबईत नोकरी करणाऱ्या दिराने त्यांची पाळी, म्हणजे रहाट चालवायचा त्यांचा दिवस, बंद करून टाकला होता. उन्हाळा तोंडावर होता. पाणी मिळालं नाही तर झाडं माना टाकणार आणि बाई उघड्यावर येणार. दावा लावण्याआधी अलिबागला समोरासमोर बसून तडजोड करून पाहायचं ठरलं.

स्वातंत्र्य नवं होतं, माझी सनदही नवी. अंगात वारं भरलेलं. मी दिराची सगळी पत्रं मागवली आणि कामाच्या ओळींखाली लाल पेन्सिलने रेघा ओढल्या. वरचा नमस्कार आणि खालची ख्यालीखुशाली कोण वाचतो? बाईंनी दिराला काय लिहिलं, हे विचारायचं मात्र सुचलंच नाही. आपण लिहिलेलं पत्र समोरच्याच्या घरात असतं, हे कळायला खरं तर सनद लागत नाही.

बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्रं शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे, आलेली वाचून दाखवायचे. कार्डावर त्यांचंच वळणदार अक्षर होतं. ‘विहीर काय, वाडी काय, सर्व आपलेच आहे. आम्ही केवळ राखणदार.’

‘‘याला आम्ही कबुली म्हणतो,’’ समोरचे वकील शांतपणे म्हणाले. कबुली म्हणजे आपल्याच हाताने आपला दावा बुडवणं. हे तुम्ही लिहायला सांगितलंत का, असं मी बाईंना हळूच विचारलं.

‘‘मी खुशाली सांगितली. शेवटचं गुरुजी सगळ्यांनाच लिवतात.’’ मग त्या दिराकडे वळल्या. ‘‘भावोजी, तुमी पन लिवता की. सगळं वहिनीचंच हाय, आमी आपले मुंबईचे पाहुणे.’’

मी घाईघाईने पत्रं उलटली. माझी लाल रेघ संपत होती तिच्या बरोबर खाली, दर पत्रात, ते वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचलं. जणू हुकमाचं पान मी सकाळपासून राखूनच ठेवलं होतं. समोरच्या वकिलांनी आपल्या अशिलाकडे पाहिलं. म्हणजे त्यांनीही विचारलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

‘‘तुमचा विनय तुम्ही मागे घ्या, आमचा आम्ही घेतो,’’ ते म्हणाले. दीर पुरता ओशाळला. गंगाबाईंना दिवसाआड पाळी परत मिळाली आणि त्या मुरुडची एसटी धरून आगरदांड्याला खाडीपार नेणाऱ्या तरीकडे निघाल्या.

तेव्हापासून कोणी पत्रं घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही काय लिहिलंत? आणि आलेलं पत्र मी नमस्कारापासून सहीपर्यंत वाचतो.

सुपारी निघाल्यावर बाईंचं आभाराचं कार्ड आलं. अक्षर गुरुजींचंच. ‘वाडी आपलीच आहे, केव्हाही यावे.’ मी त्याखाली लाल रेघ ओढली आणि कार्ड जपून फायलीला लावलं. न जाणो.