मामी आणि ‘सुर्दा’

दुभाष्याचं काम करताना मामी रुग्णाच्या डोळ्यांत कधी पाहत नसत, ओठांकडे पाहत. समोरचा माणूस अवघडून जाई. "डोळ्यांकडे पाहिलं की मला त्यांची दया येते आणि शब्द निसटतो," त्या म्हणत.

तंजावरच्या मराठी घराण्यातल्या मामी मैलापुरात राहत. कॉलेजात फ्रेंच शिकवून निवृत्त झाल्यावर अड्यारच्या आमच्या हॉस्पिटलात परदेशी रुग्णांसाठी येऊ लागल्या. मी तिथल्याच कचेरीत, पुण्याहून नवी आलेली. "तुझी मराठी पेपरातली, माझी स्वयंपाकघरातली," असं त्या मला सुनवत. पोर्तुगीज मात्र त्या उतारवयात शिकल्या होत्या, आणि आपल्या पोर्तुगीजवर त्यांचा पुरता भरवसा नसे.

एका सकाळी मोझांबिकहून आलेली, पोर्तुगीज बोलणारी एक बाई तपासणीला बसली होती. आवाज पार खोल गेलेला. कानाखाली, जबड्यावर हात ठेवून ती काहीतरी पुटपुटली. त्यातला ‘सुर्दा’ एवढाच शब्द नीट कळला.

"ऐकू येत नाही म्हणते," मामी म्हणाल्या. डॉक्टरांनी तिला कानाच्या विभागात पाठवलं. नवरा चाकाची खुर्ची ढकलत निघाला.

लिफ्टपाशी मामी थबकल्या. "फ्रेंचात सूर्द, इटालियनात, स्पॅनिशात सोर्दा, हिची सुर्दा. सगळ्या एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी. अर्थ बहिरी. पण वेदनेलाही तसंच म्हणतात. आपल्याकडे मुका मार असतो ना, तशी त्यांच्याकडे बहिरी वेदना. खोल, दबलेली." त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "आधी ती पुटपुटली ते ‘दोर’ होतं. म्हणजे दुखणं. धाव, थांबव त्यांना."

मामींनी खुर्चीपुढे वाकून पुन्हा विचारलं. बाईचा हात जबड्यावरून दंडाकडे आणि तिथून छातीकडे गेला.

"डॉक्टर, मी चुकलें," खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरांना मामी भर व्हरांड्यात म्हणाल्या. "कान नव्हे. छाती."

ईसीजीचा कागद बाहेर आला. मग एकदम धावपळ उडाली आणि दारं बंद झाली.

बाई वाचली. संध्याकाळी नवरा मामींचे हात धरून आभार मानू लागला. मामींनी हात सोडवून घेतले आणि त्याच्याच भाषेत सांगितलं, उशीर झाला तो माझ्यामुळे. तो निघून गेला.

"कशाला सांगितलंत? त्याला कळलंही नसतं," मी म्हटलं.

"मला कळलेलं होतं की."

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या शस्त्रक्रियेची माहिती द्यायला लिस्बनमध्ये राहून आलेला दुभाषी बोलावला होता. नवऱ्याने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण सही करायचं पेन बाजूला ठेवलं.

"कालच्या बाई येऊ देत," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं की मग करतो."