राहून गेलेली वस्तू

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीसमोर एका गृहस्थांचं किराणा दुकान आहे. मूळचे साताऱ्याकडचे, वय साठीच्या पुढे. तांदूळ दाखवताना चार दाणे आधी स्वतः चावून बघतात, मग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतात.

पत्नी गेल्यावर मी खाली उतरणं सोडलं. ॲपवर मागवलेलं सामान दाराशी येई, कुणाशी बोलावं लागत नसे. पण तिच्या पसंतीचा तांदूळ तिथे मिळेना, म्हणून मी या दुकानदारांना फोनवर यादी सांगू लागलो. सामान घरपोच येई, फक्त दर वेळी एक वस्तू कमी असे. कधी मीठ, कधी चहा पावडर.

फोन केला की म्हणत, "इसारलं बगा सर. वय झालं. आता तुमीच या की खाली."

मी जाई. वस्तू बांधून तयार असे. ते स्टूल पुढे सरकवत आणि गावाकडच्या पाण्यापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत काहीबाही बोलत राहत.

गेल्या आठवड्यात मी दुकानात बसलेलो असताना एका बाईंचा यादी सांगायला फोन आला. वीसेक वस्तू असतील. दुकानदारांनी काही लिहून न घेता एकेक वस्तू काढून पिशवी भरली.

"वय झालं म्हणता ना?" मी विचारलं.

ते पिशवीला गाठ मारत राहिले. "तुमच्याच यादीला होतंय तसं."

उठताना मी म्हणालो, "यापुढे सामान मीच येऊन नेईन."

"सामान जड असतंय सर, ते मी धाडतो," ते म्हणाले. "तुमी नुसतं या."