बाबा उभे राहिले

मुलुंडमधली आमची चार मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडायची ठरली, त्यानंतर वर्षभर ती एकट्या माझ्या आदर्शवादावर उभी होती. (खांबांचा भरवसा नव्हता.)

दोष एका जुन्या सिनेमाचा. त्यात मालक वस्ती उठवायला येतो आणि नायक अकरा मिनिटं भाषण देतो. मुद्दा पहिल्याच मिनिटात कळतो. उरलेली दहा मिनिटं, ज्यांना कळला नाही त्यांच्यासाठी. शेवटी तो म्हणतो, 'ज्याला स्वाभिमान आहे त्याने उभं राहावं', आणि अख्खी वस्ती उभी राहते. बाबा गिरणी कामगार. टीव्हीवर ते भाषण लागलं की ते आम्हालाही उभं करायचे, हातात जेवणाचं ताट असलं तरी.

त्यामुळे बिल्डर आला तेव्हा माझ्या अंगात नायक शिरला. घर बाबांच्या नावावर, संमतीपत्रही त्यांच्याच नावाचं. पण त्यांना काय विचारायचं? मी ते कपाटात साड्यांखाली दडवलं आणि कमिटीला 'विकले गेलेले' म्हणून मोकळा झालो.

शेवटी सेक्रेटरी सावंतकाकांनी गच्चीवर सभा बोलावली. मी म्हटलं, आधी सिनेमा बघा. पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर. बाबांना चौथ्या मजल्यावरून खुर्चीसकट वर नेलं. लोक चक्क रडले! मग मी उठलो आणि तेच भाषण सुरू केलं.

सहाव्या मिनिटाला सावंतकाका म्हणाले, "आवर ना रे. आत्ताच बघितलं."

मी रेटत 'उभं राहावं'पर्यंत पोचलो. कोणी हललं नाही. मग एक खुर्ची करकरली. कठडा धरून बाबा उभे राहत होते. माझे डोळे भरून आले.

"सावंता, दुसरो कागद दी. आणि पेन," बाबा म्हणाले.

"बाबा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"तो पिक्चर रे, झिला. माझे गुडघे खरे आसत. दोन वर्षां मी खाली उतरूक नाय. नव्या बिल्डिंगीक लिफ्ट आसा."

दोन वर्षं त्यांचा पेपर मीच वर आणून देत होतो. का, ते कधी डोक्यात आलं नाही.

सही झाली, पण वाया गेलेलं वर्ष काही परत मिळालं नाही. घर रिकामं करायच्या आधीच बाबा गेले. त्यांना चार मजले खाली उतरवलं ते त्या विकल्या गेलेल्यांनीच. जिन्याच्या वळणावर सावंतकाका म्हणाले, "हळू रे, गुडघे सांभाळा त्यांचे."

आता लिफ्ट आहे. एकटा असलो की मी ते भाषण म्हणून बघतो. स्वाभिमानापर्यंत पोचायच्या आतच चौथा मजला येतो.