भोवऱ्यावरचं कमळ

ये गं पोरी, अशी जवळ बस. मावशीला फोटू दाखवायचा तर मोबाइल इतक्या लांब धरत्यात व्हय? हं, ही घोडी. हिच्या अंगावर वेल कातरलाय बघ, तसाच मी आमच्या तांबड्या घोडीच्या अंगावर कातरायची. मग दिवसभर हाताला तिच्या लवीचा ऊन वास राहायचा, घामाचा अन् कडब्याचा. तिच्या मानेवर केसांचा भोवरा होता. तिथला भोवरा घरधन्याला वाईट म्हणत्यात, म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हतं, अन् मला तेच बरं वाटायचं. एका थंडीत पेडगावाजवळच्या माळावर घोड्यांच्या सजावटीची चढाओढ होती. पंचांनी नाक मुरडू नये म्हणून मी बारीक कात्रीनं भोवऱ्यावरच कमळ कातरलं. पहिला नंबर आला. मानवतचा एक व्यापारी तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "वैनी, काय हात हाय तुमचा! घोडी बी बेदाग हाय. देता का?" तुझ्या काकांनी माझ्याकडं बघितलं, भोवऱ्याचं सांगायचं का, असं त्यांच्या डोळ्यात होतं. मी एक शब्द बोलले असते तर सौदा मोडला असता. पण कौतुकानं फुगले होते गं, नुसतीच हसले. त्यानं तिथूनच तिला नेलं. ती लांबपर्यंत खिंकाळत गेली. पुढं लव वाढली असंल, भोवरा दिसला असंल. मग त्यानं तिला ठेवलं का मारून हाकललं, हे विचारायला जायची माझी छाती झाली न्हाई. तुझे काका होते तवर तिची आठवण निघाली की दोघं गप बसायचो. आता मी एकटीच गप बसते. तू उद्या जायलीस, जा. पण दिवाळीची वाट बघू नको, लवकर ये.