टेबलावरचा घाट

माझा दादा रेल्वेत सांधेवाला होता, गाडी कुठल्या रुळावर जाईल ते दांडा ओढून ठरवणारा, आणि मी शाळेत शिकवत होते. त्यामुळे हुकूम सोडायची सवय घरात दोघांनाही होती, ऐकायची मात्र एकालाही नव्हती. बिचारी वहिनी मध्ये सापडायची.

लढाईचे दिवस होते. कर्जत स्टेशनात मालगाड्यांची रीघ लागलेली असायची. अशाच एका गर्दीच्या दुपारी डबे जोडताना दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. जखम भरली, पण पकडीत जोर राहिला नाही, आणि सांध्याचा दांडा ओढायचा तर दोन्ही हात धड लागतात. सांध्यावर आता घेता येणार नाही, असं त्याला कचेरीत सांगितलं गेलं. आमची चाळीतली खोली नोकरीबरोबरची. नोकरी गेली की खोली गेली. कळंबच्या बाजूला गावी घर होतं, पण त्या हातानं ना नांगर धरता आला असता ना विळा.

एकच वाट शिल्लक होती. लढाईमुळे नवी भरती जोरात चालली होती आणि घाटातल्या कामाची माहिती नसलेली माणसं थेट सांध्यावर उभी राहत होती. त्यांना आधी लहानशा रेल्वेवर शिकवावं, अशी कल्पना वरून आली. मालधक्क्याजवळची एक रिकामी खोली त्यासाठी ठरली. दादानं सांगून टाकलं, रेल्वे मी बनवतो आणि शिकवतोही मीच. त्यावर उत्तर आलं की दोन महिन्यांनी मोठे साहेब येऊन एक तास बघतील. पसंत पडलं तर जागा तुझी, नाही तर खोली रिकामी कर.

रेल्वे त्यानं बनवली, आणि काय सुरेख बनवली! दोन जुनी टेबलं जोडून वर फळ्या ठोकल्या. एक टोक विटांवर चढवून घाट केला, दुसऱ्या टोकाला कर्जत. कापसाच्या गाठींना असतात तसल्या लोखंडी पट्ट्या हातोडीनं सरळ करून त्यांचे रूळ केले. इंजिन रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं, आत वजनाला शिसं ओतलेलं. पितळेची चाकं शेडमधल्या एका मित्रानं कातून दिली. मागे तीन डबे, आणि शेवटच्या डब्याला दोरा. दोरा हळूहळू सोडला की गाडी घाट उतरायची, घट्ट धरला की थांबायची. डाव्या हातानं आणि उजव्याच्या उरल्या बोटांनी त्यानं ते सगळं केलं होतं. रात्रंदिवस त्याच्या नखांत शिसं असायचं आणि वहिनी जेवायच्या आधी त्याचे हात राखेनं घासून घ्यायची.

घाटातली एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. उतरणीवर एका जागी बाजूला एक जादा रूळ फुटतो. तो खाली न जाता डोंगरावर चढतो. ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून तो केलेला, आणि दादानं टेबलावरही तसाच केला होता. त्यामुळे तिथला सांधा कायम चढाकडेच लावून ठेवायचा. उतरणारी गाडी सांध्याच्या अलीकडे येऊन थांबली आणि तिनं शिटी दिली, की मगच तो कर्जतच्या रुळाला लावायचा. त्याआधी नाही, काही झालं तरी नाही. एवढं एकच माणसांच्या हाडात मुरवायचं होतं.

पहिला वर्ग बघायला मी कोपऱ्यात जाऊन बसले. शिकायला सहा जण होते, सगळे बाप्ये, नवे भरती झालेले. मला बघून त्यांनी पाय आखडून घेतले. दादा तासभर बोलत होता. सिग्नल, सांधा, चढाचा रूळ, ब्रेकची जोडणी, गार्डाची शिटी, पुढच्या इंजिनाची शिटी, मागच्या इंजिनाची शिटी. मधूनमधून "समाजलं का रं?" म्हणून विचारायचा आणि सहाही जण माना हलवायचे. कशेळ्याकडचा एक दांडगा मिशीवाला होता, तो तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मान हलवायचा.

"कसं झालं गं?" घरी आल्यावर दादानं विचारलं.

"तू शिकवलं नाहीस. तू नुसता बोललास."

"मंग काय मुक्यानं शिकवू?"

"हो, जमलं तर बघ. आणि समजलं का, असं परत विचारू नकोस. साहेबलोकांच्या खोलीत उभं राहून या प्रश्नाला आजवर कुणी नाही म्हटलंय?"

तो ताटावरून उठला. मीही काही समजूत काढायला गेले नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पाटीवर पेन्सिल ठेवून माझी वाटच बघत होता.

मग आम्ही दोघांनी सगळा अभ्यास नव्यानं मांडला. सुरुवातीला गाडी फडक्याखाली झाकून ठेवायची, तिचं नावसुद्धा काढायचं नाही. प्रत्येकानं आपल्या फळीवर हातभर रूळ घालायचा. पट्टी सरळ करायची, कानशीनं घासायची, लाकडी मापानं अंतर धरायचं आणि वरून चाकांची जोडी सोडून बघायची. चाकं पडली तर का पडली ते त्यानंच शोधायचं. ते जमलं की प्रत्येकानं एक सांधा करायचा. ज्या माणसानं सांध्याची जीभ, म्हणजे इकडून तिकडे सरकणारी पट्टी, स्वतः घासून बसवली, तो ती कुठल्या बाजूला पडते हे जन्मात विसरणार नाही, असं माझं म्हणणं. गाडी सगळ्यात शेवटी, आणि तीही एकानं दोरा धरून उतरवायची आणि तोंडानं शिटी द्यायची, दुसऱ्यानं सांधा सांभाळायचा, बाकीच्यांनी चुका धरायच्या.

हे चांगलं चाललं. माणसं खुलली. मिशीवाल्यानं तर असा रूळ घातला की चाकं त्यावरून पाण्यासारखी गेली. तो आपल्या फळीकडे असा बघायचा जसा गोठ्यातल्या नव्या पाड्याकडे बघावं.

अडचण होती ती दादाच्या हातांची. कुणी कानस उलटी धरली की त्याचे हात शिवशिवायचे आणि पुढच्या क्षणाला कानस त्याच्या हातात असायची. समोरचा गडी बाजूला उभा राहून मान हलवायला मोकळा. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी एके दिवशी मी त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि त्याचे हात मागे बांधले. सहाही जण फिदीफिदी हसले.

"मी काय चोर हाय?" तो ओरडला.

"चोरच आहेस. त्यांची चूक तू चोरतोस."

तो दिवस त्यानं दातओठ खात काढला. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत माणसं एकमेकांशी भांडली, की तुझा सांधा वाकडा की माझा. मला ते भांडण ऐकून बरं वाटलं.

पुढे टॉवेल लागेनासा झाला. फक्त एक सवय गेली नाही. सांधा चुकीचा लागला आणि दोरा निसटला, की गाडी सुसाट कर्जतला यायची, आणि टेबलाच्या टोकाला दादा तिला झेलायचा. हात कसा पुढे यायचा ते त्याचं त्यालाच कळत नसे. मी बघत होते, माणसं हळूहळू ढिली पडत होती. गाडी पडत नाही, दादा झेलतो, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

"झेलू नकोस," मी म्हटलं.

"आनि फुटली तर? पत्रा कुठं मिळतोय आता? चाकं कोन कातून देनार?"

"मग ते काहीच शिकणार नाहीत."

"तुज्या शाळंत पाटी फुटंल गं. हितं माजं घर फुटंल."

दुसरा पत्रा खरंच मिळण्यासारखा नव्हता, आणि गाडी नसली तर वर्गही नव्हता. साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वहिनी दोघांनाही न विचारता भांडी गोणपाटात बांधायला लागली होती. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्यावर ओरडणार कशी? भीती मलाही तीच होती.

मी शाळेतून रजा घेतली. साहेबांसमोर मला आत घेणं शक्य नव्हतं, म्हणून मागच्या खिडकीशी, गजांना धरून उभी राहिले. साहेब पुण्याकडचे, उंच, बोलायला सौम्य. त्यांनी सगळ्यांच्या फळ्या बघितल्या, एका सांध्याची जीभ बोटानं हलवून बघितली. दादा घामानं भिजला होता.

"आता गाडी उतरवून दाखवा," साहेब म्हणाले. "सांध्यावर कोण?"

मिशीवाला पुढे झाला. मला हायसं वाटलं. त्याच्या हातून या कामात चूक होत नसे. तेवढ्यात साहेबांनी दोरा धरलेल्या माणसाकडे हात केला. "इकडे द्या. ड्रायव्हर मी."

सगळे मागे सरकले. साहेबांनी दोरा हळूहळू सोडायला सुरुवात केली आणि गाडी घाट उतरू लागली. मिशीवाल्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या बुटांकडे पाहिलं, आणि गाडी अजून अर्ध्या वाटेवर असताना सांधा फिरवून कर्जतच्या रुळाला लावून टाकला. साहेबांची गाडी उभी कशी करायची! एवढ्या मोठ्या माणसाला शिटी देऊन वाट बघायला लावायची? त्याच्या घरी तसं कुणी केलं नसतं. आदब म्हणून त्यानं ते केलं.

दादानं बघितलं होतं. साहेबांनीही बघितलं होतं. ते क्षणभर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "ब्रेक गेला." आणि दोरा सोडून दिला.

गाडी सुटली. आत शिसं होतं, ती काय थांबते! सांध्यावरून खडखडत सरळ कर्जतच्या रुळाला लागली. दादा टेबलाच्या टोकाशीच उभा होता, नेहमीच्या जागेवर. त्याचा हात पुढे आला, मी तो येताना पाहिला. झेल, दादा, झेल! इतके दिवस त्याला नको म्हणून सांगणारी मी, त्या क्षणी मनातल्या मनात किंचाळत होते की झेल, जाऊ दे ते शिकवणं, आपली खोली राहू दे.

त्यानं हात मागे घेतला. एका हातानं दुसरा मनगटात धरला आणि तसाच उभा राहिला. गाडी त्याच्या पोटासमोरून गेली आणि खाली फरशीवर आदळली. इंजिनाचा पत्रा उसवला, शिसं बाहेर आलं, चाकं कुठल्या कुठे गडगडत गेली.

मिशीवाल्याचा हात अजून सांध्यावरच होता.

दादा ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, "काय झालं रं? सांग."

"गाडी पडली."

"का पडली?"

मिशीवाल्यानं हाताखालच्या सांध्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिटी आली नवती. मी आदीच फिरवला. सायबाची गाडी म्हनून फिरवला." आणि कुणी न सांगता त्यानं सांधा ओढून पुन्हा चढाकडे लावला आणि त्यावर पंजा दाबून धरला. साहेब दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत दादाकडे बघत होते.

"तुम्ही हातभर अंतरावर होता," ते म्हणाले. "दुसरी गाडी मिळणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. अडवली का नाही?"

"हितं अडवली असती सायेब," दादा म्हणाला. "पन घाटात मी कुठं असनार?"

मी गज इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. साहेबांनी मिशीवाल्याकडे पाहिलं. तो अजून सांधा सोडायला तयार नव्हता. मग ते वाकले, पायाजवळ येऊन पडलेलं पितळेचं एक चाक त्यांनी उचललं आणि रुमालानं पुसून टेबलावर ठेवलं.

"पत्र्याचं मी बघतो," ते म्हणाले. "इंजिन परत उभं राहायला किती दिवस लागतील, मास्तर?"

दादाला ते ऐकूच गेलं नाही. तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसून बाकीची चाकं शोधत होता. "किती दिवस, मास्तर?" साहेबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सहाही जण दादाकडे बघायला लागले, आणि मी खिडकीबाहेर उभी राहून लहान मुलीसारखी मोठ्यानं रडले.