वरून घातलेली साखर

"मंग काय मी ह्यायले जहर पाजून राह्यली होती?" लिलाबाईने सुनेच्या हातातून पावडरीचा डबा ओढला. "माह्या पोरानं पुण्याहून धाडला, दर महिन्याले धाडते. ताकदीचा हाये!"

"जहर कोण म्हणते, आत्याबाई? साखर म्हणून राह्यली मी. मागं लिवलं हाये," सुकेशनी म्हणाली. "शंभर ग्रॅमात अडतीस ग्रॅम वरून घातलेली साखर. तुमी दिवसाचे तीन गिलास देता. सहा-सात चमचे झाले."

"तू अंगणवाडीत लेकरायच्या मायांले पाकिटं वाचाले शिकवतं. घरातला डबा सहा महिने दिसला नाही तुले?"

सुकेशनीने डबा पुन्हा आपल्याकडे घेतला.

खाटेवर सासरे उकंडराव पाय लांब करून बसले होते. पायाचा अंगठा गेल्या महिन्यात काढला होता. शेजारचं बोट आता काळं पडत होतं आणि वाशीमच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं.

लिलाबाईचा कडकपणा अख्ख्या अनसिंग गावाला ठाऊक. नवऱ्याला मधुमेह निघाल्यापासून चार वर्षं घरात बिनसाखरेचा चहा. पंगतीत त्याच्या पत्रावळीवरची बुंदी ती सगळ्यांदेखत उचलायची. लोक हसायचे, ती हसत नसे. या डब्यावर मात्र गव्हाच्या ओंब्या होत्या आणि पळणारा म्हातारा. धम्मरत्नने पाठवलेला, महागाचा, आजारी माणसाचा; म्हणून तिने तो कपाटात जपला. स्वतः कधी चिमूटभरही चाखला नाही.

सुकेशनीने झाकण उघडून चिमूटभर पावडर सासूच्या तळहातावर ठेवली. "चाखा."

लिलाबाईने ती जिभेवर घेतली. मग ती नवऱ्याकडे वळली.

"गोड हाये थे, तुमाले कळत नव्हतं?"

उकंडराव पायाकडे पाहत राहिले. "कळत होतं."

"कवापासून?"

"पयल्या गिलासापासून."

"अन् तरी तिसरा मांगून घेत होते?"

"समदं हिसकावतं तू, धम्माची माय. हे एकच हातानं देऊन राह्यली होती."

लिलाबाईने डबा मोरीत उपडा केला. पाणी ओतलं तरी पावडरीचा चिकट गोळा जाळीवर बसून राहिला. तो तिने खराट्याने लोटला, हात धुतले आणि दारात येऊन उभी राहिली.

"आयका दोघंही. उद्यापासून ह्यायच्या ताटातलं पयले मी खाईन, मंग ह्यायले. सुकेशनीनं वाचल्याबिगर घरात एक पाकीट फुटनार नाही. अन् पोराचा डबा आला, तं वापस धाडीन."