पुसद गाडीच्या टायमाची सुई

महागावकडच्या आमच्या तांड्यावर हंसाबाईएवढा कापूस कोणी वेचत नव्हतं. बोंडाच्या टोकानं बाकीच्या बायांची बोटं रक्ताळत, हिच्या बोटाले ओरखडा नाही. शाळेचं तोंड पाह्यलं नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. पण हाताचा गर्व मोठा.

कापसाचा भाव पार कोसळला त्या साली तिची सून दिपाली सात महिन्यांची होती. डावा पाय सुजून खांबावानी झाला. पुसदच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, शिरेत रक्ताची गाठ धरली, ती सुटून छातीत गेली तर बाई जाईल. रक्त पातळ ठेवायची सुई रोज एकाच टायमाले पोटाच्या कातडीत द्यायची. अन् कळा सुरू झाल्या की बंद, नाही तर बाळंतपणात रक्त आवरत नाही.

पोटात सुई म्हणताच पोरगा धरमसिंग मागं सरकला. शेजारची सुखीबाई म्हणे, लेकराच्या डोळ्यात जाईल. हंसाबाईनं तिले विचारलं, लेकरू कातडीले चिकटून बसते काय? नर्सबाईजवळ दोन दिवस बसून ती शिकली. चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ घालायची, हळूच ढकलायची. टाइम ठरवला सातच्या पुसद गाडीचा. फाट्यावर हॉर्न वाजला की सुई, मग वेचणी. दोन महिने एक दिवस खाडा नाही.

एका सकाळी हॉर्नच वाजला नाही. कापसाच्या भावासाठी लोकांनी रस्ता अडवलता, गाडी येईल कुठून? हंसाबाई सुई घेऊन बसूनच राह्यली. धरमसिंगनं घड्याळ पाह्यलं तर साडेआठ. तिनं घाईनं कातडी धरली. बोटांखाली पोट दगडावानी टणक झालं, मग ढिलं पडलं. तिचा हात थांबला. दिपालीनं तेव्हा कबूल केलं की कंबर पहाटपासून दुखून राह्यली, सांगायची लाज वाटली.

"याडी, दे न," धरमसिंग आईले म्हणे. "एक दिवस चुकवू नका म्हणलतं डॉक्टरीणबाईनं."

"उगा राह्य. पुन्हा आवळते का पाहू दे."

पुन्हा आवळलं. थोड्या वेळानं आणखी.

"आता सुई नाही. जीप पाहा."

रस्ता अडवणाऱ्यांनीच जीपले वाट करून दिली. दवाखान्यात लेकराचे ठोके मंदावले, सिझर करायचं ठरलं. डॉक्टरीणबाईनं आधी शेवटच्या सुईचा टाइम विचारला. चोवीस तास झाले असतील तरच पाठीत भूल देता येईल म्हणे. धरमसिंग बोटांवर तास मोजू लागला.

"कालच्या पुसद गाडीले," हंसाबाई म्हणाली. "आजची आलीच नाही."

काल सकाळचे सात. भिंतीवर अकरा वाजले होते. अठ्ठावीस तास झालते. डॉक्टरीणबाईनं होकाराची मान हलवली अन् आत गेली. पोरगी झाली. रक्त जेवढं जाते तेवढंच गेलं.

सुई आणखी दीड महिना लागणार होती. दुसऱ्या दिवशी नर्स ती घेऊन आली, तर हंसाबाईनं तिच्या हातातून काढून घेतली अन् विचारलं,

"इथून सकाळी सातले कोणती गाडी सुटते?"